पावसाळा, संसार आणि बेचाळीस किलोमीटर

मृगाची पहिली सर पडून गेली, कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. उन्हाळ्यांतील पत्रें मुलांच्या सुट्या, उन्हाचे विकार आणि आंब्याचें पथ्य यांविषयीं असतात. पावसाळा लागतांच सर्दी, पडसें व दमा यांची पाळी येते. गेल्या कांहीं वर्षांत मात्र या नेहमींच्या विषयांत एका नव्या विषयाची भर पडली आहे, आणि तो म्हणजे मॅरेथॉन शर्यतीचा सराव. ‘येत्या जानेवारींत मुंबईस धांवण्याचा निश्चय केला आहे, परंतु बाहेर पाऊस उघडत नाहीं आणि घरांत काम सरत नाहीं, अशा स्थितींत सराव करावा तरी कसा?’ असा प्रश्न या पत्रांत थोड्याफार फरकानें विचारलेला असतो. हीं पत्रें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. पुरुषांच्या पत्रांत गाऱ्हाणें पावसाचें असतें; भगिनींच्या पत्रांत तें वेळेचें असतें. या भेदाचें कारण काय आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार या महिन्याच्या लेखांत करावयाचा आहे.

ज्या वाचकांस या शर्यतीचा परिचय नाहीं त्यांच्याकरितां प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरांची, जुन्या हिशोबानें २६ मैल ३८५ यार्डांची, धांवण्याची शर्यत. १८९६ सालीं अथेन्स येथें अर्वाचीन ऑलिंपिक सामने सुरू झाले तेव्हां तिचा त्यांत समावेश झाला. आजचें अंतर प्रथम १९०८ च्या लंडन येथील सामन्यांत आलें व १९२१ सालीं तें कायमचें ठरलें. आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं आणि मुंबईची २००४ सालीं सुरू झाली. मुंबईची शर्यत हल्लीं जानेवारींत भरते. पहिला क्रमांक मिळविण्याच्या ईर्ष्येनें धांवणारे त्यांत मूठभर असतात. बाकीचे लोक कचेरींत, शाळेंत, इस्पितळांत, दुकानांत दिवसभर राबणारे. आरंभिलेलें अंतर आपल्या पायांनीं पुरें करावें एवढीच त्यांची मनीषा असते.

‘सुखाचा जीव दुःखांत कशाला घालावयाचा?’ असें घरांतील वडील मंडळी विचारतील, आणि त्यांत त्यांचें फारसें चुकतें असेंहि नाहीं. परंतु ज्यांस दुसरा उद्योग नाहीं अशा रिकाम्या माणसांची ही हौस आहे, असा त्यांचा समज असेल तर तो दूर व्हावयास हवा. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत आपले खेळाडू ऑलिंपिक सामन्यांस पाठविण्याचा विचार आला; आणि पुढच्याच वर्षीं बेल्जममधील अँटवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा दारेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले. त्या दिवशीं तेथील हवा थंड व पावसाळी होती. चौगुल्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. पहिला आलेला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन यानें अमेरिकेंत असतांना गवंडीकाम करून पोट भरलें होतें.

अलीकडचें उदाहरण याहून बोलकें आहे. १६ एप्रिल २०१८ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं जी मॅरेथॉन झाली, त्या दिवशीं मुसळधार पाऊस, समोरून वारा आणि हाडें गोठविणारी थंडी असा तिहेरी योग जुळून आला होता. जगांतील नामांकित धांवपटू एकामागून एक शर्यत सोडून देऊं लागले. पुरुषांत पहिला आला तो युकी कावाउची नांवाचा जपानी गृहस्थ. तो त्या वेळीं सैतामा प्रांतांतील एका सरकारी हायस्कुलाच्या कचेरींत पूर्ण वेळ नोकरी करीत असे, आणि नोकरीपूर्वीं दिवसांतून एकदांच काय तें धांवणें त्यास शक्य होत असे. स्त्रियांत दुसरी आली ती सेरा सेलर्स. शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास भूल देण्याचें काम करणारी परिचारिका. कामावर जाण्यापूर्वीं पहाटेस किंवा कामावरून आल्यावर ती सराव करी, आणि तिच्या आयुष्यांतील ही दुसरीच मॅरेथॉन होती. नोकरी सांभाळून ही विद्या साध्य होते आणि वाईट हवेंत ती कामास येते, या दोन्ही गोष्टींस याहून मोठा पुरावा नको.

आतां प्रत्यक्ष सरावाकडे वळूं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून अठरा आठवडे मागें मोजीत गेलें, तर आपण सप्टेंबरच्या मध्यावर येऊन पोंचतों. मुख्य सरावाचा काळ तो हाच. परंतु त्या काळांत शिरण्यापूर्वीं आठवड्यांतून तीन दिवस आठ-दहा किलोमीटर न थांबतां धांवतां येईल इतकी तयारी अंगीं असावी लागते, आणि ही पायाभरणी जून ते सप्टेंबर या महिन्यांतच करावी लागते. म्हणजे इमारतीचा पाया नेमका पावसांत घालावयाचा. पुढील अठरा आठवड्यांत आठवड्यास चार दिवस धांवणें बहुतेकांस पुरेसें आहे: दोन दिवस पाऊण पाऊण तास, एक दिवस तासाहून कांहींसें अधिक, आणि सुटीच्या दिवशीं एक लांब धांव. ही लांब धांव पंधरा-सोळा किलोमीटरांपासून आरंभून हळूहळू तीस किलोमीटरांपर्यंत न्यावी. तीन आठवडे थोडें थोडें वाढवावें आणि चौथ्या आठवड्यांत कमी करावें. शर्यतीपूर्वींचे दोन-तीन आठवडे तर उतरतेच ठेवावेत. ज्यांचें वय चाळिशीच्या पुढें आहे, किंवा ज्यांस मधुमेह, रक्तदाब अथवा हृदयाचा कांहीं विकार आहे, त्यांनीं डॉक्टरांकडून प्रकृति तपासून घेतल्यावांचून या भरीस पडूं नये.

पाऊस पाऊस म्हणून आपण सरसकट ज्यास म्हणतों, त्याचे धांवणाराच्या दृष्टीनें निरनिराळे प्रकार आहेत. मुंबईंत एकट्या जुलै महिन्यांत आठशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यांत साऱ्या वर्षाचा पाऊस त्याहून फारसा अधिक भरत नाहीं. तेव्हां मुंबईकरास जो नियम लागू तो पुणेकरास जसाच्या तसा लागू पडेल असें नाहीं. रिमझिम पाऊस हा धांवणाराचा शत्रु नव्हे. किंबहुना अशा हवेंत अंग तापत नाहीं आणि दमहि उशिरां लागतो. भिजल्यानें सर्दी होते अशी आपली जुनी समजूत आहे. सर्दी विषाणूंमुळें होते. मात्र घरीं आल्यावर ओल्या कपड्यांत गप्पा मारीत बसणें वाईटच. अंग पुसून लगेच कोरडे कपडे घालावेत. ओल्या कपड्यांनीं मांड्या व काखा घासून सोलवटतात, त्याकरितां निघण्यापूर्वीं तेथें खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावें. बुटांचे दोन जोड ठेवावेत आणि भिजलेल्या जोडांत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून ते वाऱ्यावर ठेवावेत; कागद पाणी शोषून घेतो व बूट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं वापरण्याजोगे होतात. बूट उन्हांत किंवा शेगडीजवळ वाळविले तर त्यांचे तळवे निकामी होतात. अंधुक उजेडांत मोटारवाल्यांस आपण दिसावें म्हणून कपडे भडक रंगाचे असावेत. या कामीं नीटनेटकेपणाचा आग्रह धरूं नये.

वीज हा दुसरा प्रकार, आणि येथें मात्र धाडसास मुळींच जागा नाहीं. मेघगर्जना ऐकूं आली, कीं पक्क्या इमारतींत शिरावें. झाडाखालीं उभें राहूं नये. आणि शेवटची गर्जना ऐकल्यापासून अर्धा तास लोटल्याशिवाय बाहेर पडूं नये. मृगाच्या आरंभीं आणि परतीच्या पावसांत, म्हणजे जून व ऑक्टोबरमध्यें, हा नियम विशेष लक्षांत ठेवावा. कारण गडगडाटी पाऊस आपल्याकडे त्याच दिवसांत अधिक.

तिसरा प्रकार तुंबलेल्या पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या सांताक्रूझ भागांत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याची आठवण वाचकांस असेलच. पाणी ओसरल्यावर पुढील आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस या तापानें अनेक लोक आजारी पडले. उंदीर व इतर जनावरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून हा रोग येतो, आणि पायावरील लहानशी जखमहि त्यास पुरेशी असते. शिवाय गढूळ पाण्याखालीं उघडें गटार आहे कीं खड्डा आहे, हें कोणास सांगतां येणार? घोट्याच्या वर पाणी असेल तेथून धांवणें तर राहोच, चालूंहि नये. शेवाळलेल्या फरशा, कुजलेलीं पानें आणि रस्त्यावरील रंगाचे पट्टे यांवरून पाय हटकून घसरतो. तेथें पावलें आंखूड टाकावींत.

अशा दिवशीं घरांत काय करावें? दोरीवरच्या उड्या, जिन्याची चढउतर, सूर्यनमस्कार आणि उठाबशा यांनीं पायांचें व कमरेचें बळ कायम राहतें. जवळच्या व्यायामशाळेंत धांवण्याचें यंत्र असल्यास उत्तमच. नसल्यास त्यावांचून कोणाचें अडत नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे बुडालेला दिवस बुडाला असें समजून सोडून द्यावा. आठवडाभर खंड पडला तरी शरीराची कमाई फारशी घटत नाहीं. घट जाणवूं लागते ती दोन आठवड्यांच्या सुमारास. उलट बुडालेली धांव दुसऱ्या दिवशीं दुपटीनें भरून काढण्याचा जो मोह होतो, त्यापायीं गुडघे आणि नडगी दुखावून महिना महिना घरीं बसलेले लोक आम्हीं पाहिले आहेत. व्याजासह कर्ज फेडण्याची सवय चांगली. पण ती येथें उपयोगाची नाहीं.

पावसामागून ऑक्टोबरचा उकाडा येतो, आणि कित्येकांचा धीर सुटतो तो याच वेळीं. हवेंत दमटपणा भरला म्हणजे घाम येतो पण वाळत नाहीं, आणि घाम वाळला नाहीं तर अंग थंड होत नाहीं. या दिवसांत नेहमींच्या वेगानें धांवण्याचा हट्ट धरूं नये. घड्याळाकडे न पाहतां श्वासाकडे पाहावें. शरीरास नव्या उकाड्याची संवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढा अवकाश त्यास द्यावा. पाणी तहानेप्रमाणें प्यावें, आणि लांब धांवेंत त्याबरोबर मीठ-साखरहि असावी. निर्जळ उपवासाच्या दिवशीं लांब धांव कदापि ठेवूं नये. व्रताचें पुण्य त्यानें वाढत नाहीं आणि प्रकृतीचें नुकसान मात्र होतें.

येथवर पुरुषांच्या गाऱ्हाण्याचा विचार झाला. आतां भगिनींच्या गाऱ्हाण्याकडे वळूं. आमच्या मतें हीं दोन गाऱ्हाणीं मूळ एकच आहेत. ज्या गृहस्थास पहाटे साडेपांच, सकाळीं सात आणि रात्रीं आठ अशा तीन वेळा मोकळ्या आहेत, त्याला पहाटेची सर म्हणजे केवळ गैरसोय. तो चहा घेतो, खिडकींतून आकाश पाहतो, आणि पाऊस उघडल्यावर बाहेर पडतो. तेंहि जमलें नाहीं तर कचेरींतून आल्यावर जातो. ज्या गृहिणीस पांच ते सहा एवढा एकच तास मोकळा आहे, तिच्या बाबतींत तीच सर साऱ्या दिवसाचा सराव धुऊन नेते. सहा वाजल्यापासून तिची वेळ तिची राहत नाहीं, आणि रात्रीं नऊपर्यंत ती तिला परत मिळत नाहीं. ढग दोघांवर सारखाच बरसतो. पण ज्याच्या गांठीं एकच तास आहे त्याला तो अधिक महाग पडतो. म्हणून पुरुष लिहितात कीं पाऊस फार आहे, आणि स्त्रिया लिहितात कीं वेळ नाहीं.

आमच्या परिचयाच्या पुण्यांतील एका कुटुंबाची हकीकत या ठिकाणीं सांगण्याजोगी आहे. घर सात माणसांचें: सासूसासरे, दोन कर्ते मुलगे, दोन सुना आणि दहा वर्षांचा नातू. दोन्ही सुना नोकरी करणाऱ्या. थोरली महाविद्यालयांत शिकविते. दोन वर्षांपूर्वीं धाकट्या चिरंजिवांनीं जानेवारीच्या शर्यतीकरितां धांवण्यास आरंभ केला. घरांत कोणीं कांहीं विचारलें नाहीं. उलट ‘पोरगा पहाटे उठूं लागला’ म्हणून सर्वांस आनंदच झाला. महिन्याभरानें थोरल्या सूनबाईंनीं जेवणाच्या वेळीं आपलाहि तोच मनोदय बोलून दाखविला. सासूबाई स्वभावानें प्रेमळ. त्या म्हणाल्या, ‘अगं, तूं धांव, मी नको म्हणत नाहीं. पण सकाळचा चहा, चार डबे, नळाचें पाणी आणि मुलाची शाळेची बस, एवढ्यांत तुझी धांव बसवायची कोठें?’

सूनबाई शांतपणें म्हणाल्या, ‘आई, भावजी महिनाभर धांवताहेत. त्यांची कोठें बसली?’

क्षणभर कोणीं बोललें नाहीं. सासरे हिशोब खात्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते म्हणाले, ‘प्रश्न रास्त आहे. कागद आणा.’

त्यांनीं आठ दिवस पहाटे पांच ते आठ या वेळांत घरांतील कोणतें काम कोण करतें याची टीप ठेविली. आठव्या दिवशीं तो कागद सर्वांसमोर मांडला, तेव्हां दोन गोष्टी उघड झाल्या. त्या तीन तासांत घरांतील तिन्ही स्त्रियांपैकीं एकीसहि सलग वीस मिनिटें मोकळीं नव्हतीं. तिन्ही पुरुषांची निदान अर्धा अर्धा तास वर्तमानपत्रावर जात होती. दुसरी गोष्ट अधिक लक्षांत घेण्यासारखी होती. धाकटे चिरंजीव पूर्वीं नळाचें पाणी भरीत आणि दूध आणीत. ते धांवूं लागल्यापासून तीं दोन्ही कामें त्यांच्या पत्नीकडे गेलीं होतीं. कोणीं तिला तीं सांगितलीं नव्हतीं आणि तिनेंहि त्याचा उच्चार केला नव्हता. पाऊण तासाची धांव घरास फुकट पडली असें जें सर्वांस वाटत होतें, तिचें मोल एक माणूस मुकाट्यानें भरीत होतें.

त्यानंतर त्या घरांत जी व्यवस्था ठरली ती अशी. सकाळचा चहा व दूध सासऱ्यांनीं आपल्याकडे घेतलें. पाणी थोरल्या चिरंजिवांकडे गेलें. भाजी रात्रींच चिरून ठेवावयाची, आणि आठवड्यांतून दोन दिवस डब्याच्या पोळ्या पोळीभाजी केंद्रांतून आणावयाच्या. विकतच्या पोळ्यांस सासूबाईंचा बराच विरोध होता. शेवटीं सणावारीं त्या घरांत येणार नाहींत या अटीवर त्यांनीं मान्यता दिली. नातवानें आपलें दप्तर आणि पाण्याची बाटली रात्रींच भरून ठेवावयाची. लांब धांव दोघांनीं एकाच सकाळीं ठेवावयाची नाहीं. एकानें शनिवारीं, दुसऱ्यानें रविवारीं. गणपतीचे पांच दिवस, श्राद्धतिथि आणि दिवाळीचे चार दिवस धांवण्यास पूर्ण सुटी, आणि ही सुटी आधींच कागदावर लिहिलेली, म्हणजे ऐन वेळीं कोणाच्या मनास लागावयास नको.

परंतु या सर्वांत आम्हांस मोलाचें वाटलें तें कलम निराळेंच होतें. धांवणाऱ्या प्रत्येकास पहाटेच्या तासाखेरीज संध्याकाळीं सात ते आठ हा एक राखीव तास देण्यांत आला. पहाटे पाऊस आला तर त्या दिवशीं संध्याकाळच्या स्वयंपाकांतून त्या व्यक्तीचें नांव आपोआप वगळलें जाई. विचारावें लागत नसे आणि आभारहि मानावे लागत नसत. जुलैंतील एका आठवड्यांत सलग पांच दिवस पहाटेस पाऊस कोसळला. त्या आठवड्यांत सूनबाईंच्या तीन धांवा राखीव तासांत झाल्या. राखीव तास नसता तर तिन्ही बुडाल्या असत्या, आणि मग मनुष्य स्वतःशींच म्हणूं लागतो कीं हें आपल्यासारख्यांचें काम नव्हे.

जानेवारींत सूनबाईंनीं मुंबईची शर्यत पांच तास अठ्ठेचाळीस मिनिटांत पुरी केली. धाकट्या चिरंजिवांनीं नोव्हेंबरांत बुडालेल्या धांवा एका आठवड्यांत भरून काढण्याचा पराक्रम केला आणि गुडघा धरला. त्यांस अर्ध्या अंतराच्या शर्यतीवर समाधान मानावें लागलें. धाकट्या सूनबाई अद्याप धांवत नाहींत. पण त्यांनीं आपल्या वांट्याचा तास मागून घेतला आणि सतारीचा मोडलेला अभ्यास पुन्हां सुरू केला. सासूबाई रोज संध्याकाळीं टेकडीच्या पायथ्यापर्यंत फिरून येतात. सासऱ्यांचा चहा आरंभीं पाणचट होत असे, तो आतां बरा होतो असें घरांतील मंडळी सांगतात.

या हकीकतीवरून कोणीं असा अर्थ काढूं नये कीं प्रत्येक घरीं हिशोब खात्यांतील सासरे असले पाहिजेत. अर्थ इतकाच कीं धांवणाराचा तास आकाशांतून पडत नाहीं. तो घरांतील कोणाच्या तरी तासांतून येतो. तो कोणाचा, हें आधीं उघड झालें तर घर तो आनंदानें देऊं शकतें. उघड झालें नाहीं तर तो नेहमीं एकाच दिशेनें सरकत जातो, आणि शेवटीं जी व्यक्ति कधींच नाहीं म्हणत नाहीं तिच्यापाशीं जाऊन थांबतो. एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. सून धांवावयास गेली आणि सासू साठाव्या-पासष्टाव्या वर्षीं तिच्या वांट्याच्या पोळ्या लाटूं लागली, तर त्यास सुधारणा म्हणतां येणार नाहीं; एका स्त्रीचा तास काढून दुसरीस दिला एवढेंच. आणि घरीं कामास येणाऱ्या बाईंवर न बोलतां अर्ध्या तासाचें काम वाढविलें, तर तेंहि तसेंच. काम वाढलें तर वेतन वाढलें पाहिजे.

इतकीं वर्षें स्त्रियांस लांबचें अंतर झेपत नाहीं असें मोठमोठे शहाणे लोक सांगत आले. ऑलिंपिक सामन्यांत पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून. स्त्रियांची प्रथम झाली ती १९८४ सालीं लॉस अँजिलिस येथें. मध्यंतरीं अठ्ठ्याऐंशीं वर्षें गेलीं. पायांत बळ नव्हतें म्हणून हा काळ गेला असें आज कोणी म्हणणार नाहीं. आपल्या घरांतहि ‘तिला झेपेल का?’ हा प्रश्न ज्या काळजीनें विचारला जातो, त्याच काळजीनें ‘तिला वेळ कोण देणार?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

ज्यांचीं पत्रें आलीं आहेत त्यांनीं, आणि ज्यांनीं लिहावयाचें मनांत ठेविलें आहे त्यांनींहि, या आषाढांत एक रविवार काढून घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें. सहा महिन्यांचे सणवार, परीक्षा, लग्नकार्यें आणि कचेरीचे घाईचे दिवस प्रथम कागदावर मांडावेत. त्यांतून उरेल तेवढाच सराव आंखावा आणि प्रत्येकाच्या नांवापुढें एक राखीव तास लिहावा. हा कागद स्वयंपाकघरांत, सर्वांस दिसेल असा लावावा. तीन महिन्यांनंतरहि तो तेथें असेल आणि त्यावर खाडाखोड झालेली असेल, तर घराचें ठीक चाललें आहे असें समजावें. खाडाखोड मुळींच नसेल तर त्या घरांत एक तर पाऊस पडला नसेल, नाहीं तर कोणीं धांवलें नसेल.

पुढील अंकीं लांब धांवेच्या आदल्या व नंतरच्या दिवशीं घरगुती आहार कसा असावा, आणि चातुर्मासाच्या नियमांशीं त्याची सांगड कशी घालावी, याचा विचार करूं.